बांधून झालेलं आउटबोर्ड घट्ट फिरतंय? दोष नेमका कुठे, ते शोधण्याचा क्रम

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढल्या जातात, आउटबोर्ड इंजिनं (होडीच्या मागे बाहेरून लावलेली) खोलली जातात आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली की घाईघाईत बांधली जातात. मग दोरी ओढावी तर इंजिन हलत नाही, किंवा हलतं पण खांदा भरून येतो. अशा वेळी किनाऱ्यावर एकच सल्ला मिळतो: "नवीन काम आहे, चालवलं की मोकळं होईल." नव्या रिंगांचा आणि नव्या सीलचा थोडा ताण चालवल्यावर कमी होतो, हे खरं. पण केसिंगमध्ये चिमटलेलं बेअरिंग, पिनवर चढून बसलेली रिंग किंवा सरळ नसलेला क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) चालवून मोकळा होत नाही. तो बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खातो आणि मग मोकळा होतो.

खालचा क्रम ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या, दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी आहे. तत्त्व सोपं आहे. जोडलेले भाग उलट्या क्रमाने एकेक करून वेगळे करायचे आणि प्रत्येक भाग काढल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहायचा. जो भाग काढल्यावर इंजिन मोकळं झालं, दोष त्या भागाच्या जोडणीत. बहुतेक जण इथेच चुकतात. ते पहिल्याच दिवशी पॉवरहेड (सिलिंडर, पिस्टन आणि क्रँकचा वरचा भाग) उतरवतात, सगळं पुन्हा खोलतात आणि घट्टपणा खालच्या गिअरबॉक्समधून येत होता हे त्यांना कधी कळतच नाही.

## तयारी

प्लग पाना, टॉर्क पाना, ०.०५ मिमीपासून पाती असलेला फिलर गेज (फट मोजायचं साधन), फ्लायव्हीलचा पुलर, सर्कलिपची पक्कड, टू-स्ट्रोक तेल, स्वच्छ चिंध्या. गजनपिनचे (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) नवे सर्कलिप (ती पिन अडकवून धरणाऱ्या कड्या) आणि नवं हेड गास्केट आधीच आणून ठेवा, कारण ही दोन्ही एकदा काढली की परत वापरायची नाहीत. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मोबाइलवर तरी हवंच. खाली दिलेली मापं अंदाज यावा म्हणून आहेत. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

आणखी एक वस्तू घ्या: मासळी तोलायचा १० किलोचा स्प्रिंगकाटा. "जरा घट्ट वाटतंय" या बोलण्याला माप नसतं. सकाळी घट्ट वाटलेलं इंजिन संध्याकाळी, हात सरावला की, बरं वाटू लागतं. काट्यावर आकडा येतो.

काटा वापरायची रीत अशी. रिकॉइलचं (दोरी ओढून इंजिन सुरू करायच्या यंत्रणेचं) झाकण काढा. फ्लायव्हीलवरच्या चाकाला आणीबाणीच्या दोरीसाठी खाच असते. तिच्यात दोरीची गाठ अडकवून दोरी वरून बघताना घड्याळाच्या दिशेने दोन-तीन वेढे गुंडाळा. मोकळ्या टोकाला काटा लावून सावकाश, एकाच वेगाने ओढा. सुरुवातीच्या झटक्याचा आकडा सोडून द्या. फिरत असताना काटा किती दाखवतो आणि एका फेऱ्यात कुठे उडी मारतो, ते वहीत लिहा.

ताकीद: बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, स्टॉप स्विचची चावी काढून ठेवा आणि प्लगच्या कॅप इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थ करा. प्लग काढलेल्या सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ बाहेर येते. तिथे एक ठिणगीही पुरे होते.

दुसरी ताकीद: लोअर युनिट (गिअरबॉक्स, पाण्याचा पंप आणि पंख्याचा खालचा भाग) जोडलेलं असताना इंजिन उलटं फिरवू नका. बहुतेक आउटबोर्ड वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतात. उलटं फिरवलं की पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची पाती उलटी दुमडतात आणि नवा इम्पेलर पहिल्याच दिवशी वाया जातो.

## टप्पा १: प्लग काढा, घट्टपणाचा प्रकार ओळखा

गिअर न्यूट्रलला आहे ना, ते पाहा. दोन्ही प्लग काढा. आधी प्लगच्या भोकांतून पाणी किंवा पेट्रोल बाहेर येतं का ते बघा. सिलिंडरमध्ये द्रव भरला असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही, आणि लोकांना वाटतं इंजिन जाम झालं. भोकावर चिंधी धरून सावकाश फिरवा, म्हणजे सगळं बाहेर पडेल.

आता फ्लायव्हील हाताने फिरवा. पाच प्रकार संभवतात.

प्लग काढताच मोकळं झालं तर तो नुसता कॉम्प्रेशनचा जोर होता. नव्या रिंगांचं इंजिन जुन्यापेक्षा जड लागणारच. दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकला एका फेऱ्यात दोन चढ जाणवतात, तेवढंच.

ठरावीक अंतराने हलके, सारखे टप्पे जाणवले तर ते फ्लायव्हीलच्या चुंबकांचं ओढणं आहे. हा दोष नाही. यावरूनही इंजिनं खोलली गेली आहेत.

पूर्ण फेराभर सारखाच जड लागत असेल तर घर्षण सगळीकडून आहे: कोरडी जोडणी, चिमटलेली बेअरिंग, कमी क्लिअरन्सचा (बोअरमध्ये कमी मोकळीक असलेला) पिस्टन किंवा खालचा गिअरबॉक्स.

एका फेऱ्यात एकाच जागी जड लागत असेल तर क्रँकचा वाकडेपणा, फ्लायव्हीलचं घासणं किंवा एखाद्या रिंगेचं अडकणं. ती जागा फ्लायव्हीलवर खडूने खुणावा. ही खूण पुढे फार उपयोगी पडते.

ठाम थांबत असेल, म्हणजे पुढे जातच नसेल, तर जोर लावू नका. लांब पान्याने "जरा रेटून बघू" म्हणणाऱ्याच्या हाती तुटलेली रिंग येते.

तपासणी: प्लगशिवायचा काट्यावरचा आकडा लिहिला का? पुढची सगळी तुलना याच आकड्याशी आहे.

## टप्पा २: लोअर युनिट उतरवा

पॉवरहेडला हात लावण्याआधी हे करा. अर्ध्या तासाचं काम आहे. शिफ्ट रॉडचा जोड सोडा, बोल्ट काढा, युनिट सरळ खाली ओढा. पुन्हा काटा लावा. समजा आधी ५ किलो येत होते आणि आता २ किलो आले, तर पॉवरहेड शाबूत आहे आणि दुखणं खाली आहे.

खालच्या दुखण्यात सगळ्यात जास्त सापडणारी चूक ग्रीसची. ड्राइव्ह शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावायचं असतं, पण शाफ्टच्या माथ्यावर, सपाट टोकावर, लावायचं नसतं. क्रँकच्या खालच्या भोकात ते कोंडलं जातं. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे शाफ्ट पूर्ण वर जात नाही, आणि बोल्ट आवळले की क्रँक वर आणि गिअरचा पिनियन खाली रेटला जातो. म्हणून शाफ्टचं टोक आणि क्रँकचं भोक पुसा आणि फक्त दात्यांच्या बाजूंना पातळ थर द्या.

दुसरी चूक बोल्टने युनिट वर ओढण्याची. दाते जुळले नसतील तर युनिट आणि वरच्या भागात ५-१० मिमी फट राहते. ती बोल्टने बुजवायची नसते. एकाने युनिट वर धरायचं, दुसऱ्याने फ्लायव्हील घड्याळाच्या दिशेने किंचित फिरवायचं. दाते जुळले की युनिट हाताच्या जोरावर चढून बसतं. बोल्ट त्यानंतर.

आता काढलेल्या युनिटचा ड्राइव्ह शाफ्ट न्यूट्रलमध्ये हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. नवा इम्पेलर रबरी, चिकट ओढ देतो. कोरडा बसवला असेल तर ती ओढ आणखी वाढते, म्हणून बसवताना त्याला साबणाचं पाणी लावावं. पंपाचं घर काढूनही शाफ्ट जड असेल तर गिअर किंवा त्याची बेअरिंग पाहा. बेअरिंग वा गिअर बदलताना शिमची (गिअरचं अंतर जुळवणाऱ्या पातळ चकतीची) जाडी पुन्हा मोजली नसेल तर उत्तर बहुधा तिथेच आहे. शाफ्ट सपाट काचेवर लोळवून पाहिला की वाकडेपणा लगेच दिसतो.

## टप्पा ३: फ्लायव्हील आणि त्याभोवतीचं

रिकॉइल आधीच निघालं आहे. इंजिन हाताने मोकळं फिरत असेल आणि दोरीनेच जड लागत असेल तर स्प्रिंगला जास्त वेढे दिले गेले आहेत किंवा दोरीचं चाक तिरकं बसलं आहे. इंजिनाला पुढे हात लावू नका. सेल्फ असेल तर त्याचा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून राहिला आहे का, तेही पाहा.

नंतर फ्लायव्हील काढा, पण पुलरनेच. क्रँकच्या टोकावर हातोडा मारून फ्लायव्हील सुटतं खरं, पण बऱ्याच लहान इंजिनांचा क्रँक प्रेस करून जोडलेला असतो आणि घावाने त्याची जोडणी हलते. आधी नसलेला दोष असा आपल्याच हाताने तयार होतो.

फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला चकाकणारा ओरखडा आहे का? असेल तर स्टेटर (फ्लायव्हीलखालचा वीज तयार करणारा भाग) किंवा एखादी कॉइल बाहेर सरकली आहे, किंवा क्रँकवरची चावी (फ्लायव्हील जागेवर धरणारी छोटी लोखंडी पाचर) तिच्या खाचेतून उठली आहे. चुंबकांना चिकटलेला वॉशर किंवा स्क्रू हाही नेहमीचा पाहुणा.

स्टेटर काढून, चावी जागेवर ठेवून, फ्लायव्हील परत बसवा आणि नट हातानेच लावा. आता चुंबकांची ओढ नाही, आणि काट्याची दोरीही त्याच चाकावर आहे. हा आकडा निव्वळ क्रँक, पिस्टन आणि सीलचा. तो एका फेऱ्यात सपाट हवा.

## टप्पा ४: हेड काढा

हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाच्या उलट, थोडे थोडे करून सोडा. बोल्ट सैल होताच इंजिन मोकळं झालं, तर पिस्टनचा माथा गास्केटच्या कडेला किंवा हेडला लागत होता. ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन घालून गास्केट जुन्याच मापाचं लावलं की हे होतं. पिस्टनच्या कडेवर चंद्रकोरीएवढी चमक दिसते.

मग पिस्टन खाली नेऊन बोअर पाहा. नव्या होनिंगच्या (बोअर बारीक घासण्याच्या) तिरक्या रेषा सगळीकडे सारख्या दिसायला हव्यात. उभा, बारीक, एकाच जागचा ओरखडा असेल आणि तो गजनपिनच्या रेषेत असेल तर सर्कलिप खाचेत पूर्ण बसलेला नाही. असं इंजिन आता एकदाही चालवू नका.

## टप्पा ५: रिंगा, पोर्टमधून

हे पाहायला इंजिन आणखी खोलावं लागत नाही. एक्झॉस्ट कव्हर काढलं की पोर्टमधून (धूर बाहेर जायचं सिलिंडरच्या भिंतीतलं भोक) रिंगा दिसतात. क्रँक सावकाश फिरवून रिंग पोर्टसमोर आणा आणि बोथट स्क्रूड्रायव्हरने हलकेच आत दाबा. ती स्प्रिंगसारखी परत बाहेर आली पाहिजे. येत नसेल तर तुटली आहे किंवा खाचेत अडकली आहे.

टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या प्रत्येक खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेची दोन्ही टोकं त्या पिनच्या दोन बाजूंना यायची असतात, म्हणजे रिंग फिरून तिचं टोक पोर्टमध्ये जात नाही. रिंग पिनवर चढून बसली की टोकापाशी फुगते आणि पिस्टन रेटून बसवावा लागतो. या इंजिनांत बऱ्याचदा क्रँकला जोडलेले पिस्टन खालून, क्रँककेसच्या बाजूने, बोअरमध्ये जातात. बोअरचं तोंड तिथे उतरतं असतं आणि रिंगा बोटांनी दाबत सरकवायच्या असतात. ज्या क्षणी "टक्" करून अडतं, त्याच क्षणी थांबायचं असतं.

रिंगेवर अक्षर किंवा खूण असेल तर ती बाजू पिस्टनच्या माथ्याकडे. वरची रिंग पुष्कळदा एका बाजूने उतरती असते. ती उलटी बसली तर खाचेत मावत नाही.

## टप्पा ६: क्रँककेस (इथे घाई करू नका)

इथवर काही सापडलं नाही, तर पॉवरहेड उतरवून बाकावर घ्या. इनटेक आणि रीडचा (आत आलेली हवा परत जाऊ न देणाऱ्या पातळ झडपांचा) भाग काढा. आता क्रँककेसचे बोल्ट बाहेरच्यापासून सुरू करून, आवळण्याच्या उलट क्रमाने, अर्धा-अर्धा फेरा सैल करा. प्रत्येक वेळी क्रँक फिरवा.

बोल्ट सैल होताच क्रँक सुटला, तर केसिंग बेअरिंगला चिमटत होतं. त्याची कारणं मोजकी आहेत.

बेअरिंगची पिन. मुख्य बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर एक पिन असते आणि तिच्यासाठी केसिंगमध्ये भोक किंवा खाच असते. पिन खाचेत न पडता बाजूला टेकली, तर दोन्ही अर्धे मिटत नाहीत. बोल्टने ओढले की मिटल्यासारखे दिसतात आणि बेअरिंग अंडाकृती दाबलं जातं. ओळखायची रीत: केसिंग सीलंटशिवाय, कोरडं, नुसत्या हाताच्या दाबाने मिटवून पाहा. ०.०५ मिमीचं पातं कुठेही आत जाता कामा नये. जात असेल तर कडी बोटाने किंचित फिरवून पिना जागेवर आणा. मधल्या बेअरिंगची क्लिप आणि मधल्या सीलची टोकंही तेव्हाच पाहा.

सीलंट. या जोडात कागदी गास्केट नसतं. पातळ सीलंट असतं, तेही मॅन्युअलने सांगितलेलं. हार्डवेअरच्या दुकानातलं जाड सिलिकॉन भरलं की आधी जोड उचलला जातो आणि मग जादा माल आत, बेअरिंगवर, पिळून येतो. जुनं सीलंट सॉल्व्हंटने पूर्ण काढा. लोखंडी पट्टीने खरवडलं तर ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि ते भरायला पुन्हा जास्त सीलंट लागतं.

आवळण्याचा क्रम. मधून बाहेर, दोन टप्प्यांत: आधी निम्मा टॉर्क, मग पूर्ण. कित्येक केसिंगवर बोल्टांशेजारी क्रमांक कोरलेलेच असतात.

बोल्ट सैल करूनही क्रँक जडच असेल तर तो बाहेर काढा. प्रत्येक कनेक्टिंग रॉड स्वतःच्या वजनाने पडतो का ते पाहा. प्रेस केलेला क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून, डायल लावून लेथवाल्याकडे तपासा. या आकाराच्या इंजिनांत ०.०३ मिमीच्या आसपासचा वाकडेपणा ही मर्यादा असते, आणि तो डोळ्याला दिसत नाही. खडूची खूण आठवते? एकाच जागी जड लागण्याचं कारण बऱ्याचदा हेच.

काही इंजिनांत रॉडची टोपी बोल्टने बसवलेली असते आणि ती मुळात रॉडपासून मोडून वेगळी केलेली असते. मोडीचे दाणे एकमेकांतच बसतात, त्यामुळे टोप्यांची अदलाबदल किंवा उलटापालट चालत नाही. जोडावरून नख ओढून पाहा, ते अडकता कामा नये.

## टप्पा ७: बोअर आणि पिस्टनचं माप

केसिंग सुटलेलं, क्रँक सरळ, आणि तरी जड? मग बोअरिंग. पिस्टनचं माप स्कर्टच्या खालच्या कडेपासून सुमारे १० मिमी वर, गजनपिनच्या काटकोनात घ्या. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजा. या आकारात क्लिअरन्स साधारण ०.०५ ते ०.१० मिमीच्या पट्ट्यात असतो. बोअरिंग करून घेताना नेमका पिस्टन दुकानात नेऊन द्यायला हवा. "०.२५ ओव्हरसाइझ करा" एवढ्या तोंडी सांगण्यावर घट्ट बोअर होण्याची शक्यता मोठी.

रिंग एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने सुमारे २० मिमी आत सरळ ढकला आणि टोकांमधली फट मोजा. ढोबळ मानाने बोअरच्या प्रत्येक २५ मिमीला ०.१ मिमी, म्हणजे ६७ मिमीच्या बोअरला पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. फट कमी असेल तर गार इंजिनात फारसं कळत नाही. तापल्यावर टोकं भिडतात आणि इंजिन समुद्रात धरतं.

बोअरिंगनंतर पोर्टच्या कडांची धार मोडली आहे का, ते बोट फिरवून पाहा. धार राहिली तर रिंग प्रत्येक फेऱ्यात तिथे खरवडते.

## टप्पा ८: परत बांधताना

प्रत्येक भागाला टू-स्ट्रोक तेल, सीलच्या ओठांना ग्रीस. पिस्टनवरचा बाण किंवा "अप" मॅन्युअल सांगतं त्याच दिशेला. क्रँककेसचा निम्मा टॉर्क झाला की फिरवा. पूर्ण टॉर्क झाला की फिरवा. हेड, फ्लायव्हील, लोअर युनिट: प्रत्येकानंतर काटा. आकडा अचानक वाढला तर पुढचा भाग जोडू नका. नुकताच जोडलेला काढा.

चार-स्ट्रोक इंजिन असेल तर एक फरक. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे मूळचेच चढउतार जाणवतात, आणि ठाम थांबणं म्हणजे बहुधा टायमिंग बेल्ट चुकून व्हॉल्व्ह पिस्टनला टेकणं. तिथे एक जोराचा हिसका म्हणजे वाकलेला व्हॉल्व्ह.

## टप्पा ९: पहिली सुरुवात

पहिल्या १० तासांसाठी पेट्रोल-तेल २५:१ (मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर), म्हणजे २० लिटर पेट्रोलला ८०० मिली टीसी-डब्ल्यू३ तेल (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं). इंजिन पाण्यातच किंवा पिंपात सुरू करा, टेलटेलची (थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी) धार लगेच दिसली पाहिजे. १० मिनिटं कमीत कमी वेगावर, मग पहिला तास संपेपर्यंत अर्ध्या थ्रॉटलच्या आत. दुसऱ्या तासात तीन-चतुर्थांशपर्यंत. पुढचे आठ तास पूर्ण थ्रॉटल सलग पाच मिनिटांहून जास्त नको.

पहिल्या १० मिनिटांनंतर बंद करा आणि इंजिन गरम असतानाच, स्टॉप स्विचची चावी काढून, प्लग काढून, हाताने फिरवा. गार असतानाच्या आकड्यापेक्षा जास्त जड लागत असेल तर टप्पा ७ वर परत जा, आणि तोवर होडी पाण्याबाहेर राहू द्या.